हाडाला धरून बसणारं औषध

दिवेआगरच्या जुन्या घरांतून पानाच्या तबकाशेजारी कधीकधी एक चिमुकला पितळी खलबत्ता दिसतो. तो मसाल्याचा नसतो, विड्याचा असतो. पान, चुना, कात आणि अडकित्त्याने कातरलेली सुपारी त्यात टाकायची, चांगली ठेचायची आणि ज्यांच्या तोंडाचं बोळकं झालंय त्या आजीच्या किंवा आजोबांच्या हातावर ठेवायची. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा हा मुलूख. घरामागे पोफळींची वाडी उभी आणि दारात खाणाऱ्याला दातच नाहीत, म्हणून ही सोय.

आता या आजीचा पडलेला एखादा दात हातात घेऊन बघितला तर काय दिसेल? पुष्कळदा तो दात धडधाकट असतो. कीड नाही, भोक नाही, मूळ शाबूत. तपकिरी डाग असतील, मुळाला कीटण धरलं असेल, पण दात म्हणून त्यात काही खोट नसते. मग तो पडला का?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मुळासकट उपटलेल्या पोफळींत कितीतरी खोडं निरोगी होती. खोडाने हार मानलेली नव्हती, मातीने मुळं सोडली होती. दाताचंही असंच होतं. जबड्याच्या हाडात प्रत्येक मुळासाठी एक खळगा असतो. त्या खळग्याच्या कडा वर्षानुवर्षं खचत जातात, दात उघडा पडत जातो, हलायला लागतो आणि एक दिवस भाकरीच्या तुकड्याबरोबर हातात येतो. पायरिया म्हणतात तो हाच.

खचत जातात म्हणजे काय होतं? इथून पुढची गोष्ट मला विलक्षण वाटते.

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी सुकं, कडक, कायमचं येतं. प्रत्यक्षात ते सतत पाडलं जातं आणि सतत बांधलं जातं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या मांडीच्या हाडात कुठे तरी काही पेशी जुनं हाड विरघळवतायत आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी त्या जागी नवं भरतायत. दाताभोवतीचं हाड तर या कामात सगळ्यांच्या पुढे. घास चावताना दर वेळी बसणारा दाब त्याला झेलायचा असतो, त्यामुळे त्याची मोडतोड आणि दुरुस्ती शरीरातल्या बहुतेक हाडांपेक्षा झपाट्याने चालते. वाकड्या दातांना तार लावून ते सरळ करता येतात ते याच्या जोरावर. तार दाताला ढकलत नेते, समोरचं हाड विरतं, मागची रिकामी जागा नव्या हाडाने भरते. दात चक्क हाडातून चालत जातो!

हाड विरघळवणाऱ्या पेशीचं नाव ऑस्टिओक्लास्ट. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातली ही पेशी. अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती बनते, म्हणून तिच्यात एकाऐवजी कितीतरी केंद्रकं असतात. ती हाडावर येऊन बसते आणि आपली कड हाडाला अशी घट्ट चिकटवते की खाली एक बंद पोकळी तयार होते. मग त्या पोकळीत ती आम्ल सोडते. आम्लाने हाडातलं कॅल्शियम सुटतं, पाठोपाठ सोडलेला एक एन्झाइम उरलेली प्रथिनांची जाळी कापून काढतो. विरघळलेला सगळा माल पेशी पोटात घेते, दुसऱ्या बाजूने बाहेर टाकते आणि पुढच्या जागेकडे सरकते. मागे राहतो एक सूक्ष्म खड्डा. तो भरायला हाड बांधणाऱ्या पेशी येतात. येणं-जाणं बरोबरीत असेपर्यंत आपल्याला काही कळतही नाही.

पायरियात ही बरोबरी मोडते. दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतूंचा थर साचतो, त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. इथे आपल्याला वाटतं की जंतू हाड कुरतडत असणार. पण हाड विरघळवण्याचं काम जवळजवळ सगळं आपलं शरीरच करतं! जंतूंना तोंड द्यायला जमलेल्या आपल्याच संरक्षक पेशी असे रासायनिक निरोप सोडतात की आसपास ऑस्टिओक्लास्टची फौज तयार होते. जंतूंचा थर पुढे सरकतो तसं हाड मागे हटतं. हाडात जंतू शिरू नयेत म्हणून शरीर स्वतःची हद्द सोडत जातं, असंच म्हणावंसं वाटतं. कोकणातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं मशेरी लावतात. तंबाखू भाजून केलेली ही पूड दातांना आणि हिरड्यांना रोज चोळली जाते आणि तंबाखू तर हिरड्यांच्या आजाराचा जुना साथीदार. दात स्वच्छ करायला म्हणून लावायची आणि दाताचा आधारच घालवायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

मग कुणाच्याही मनात येईल की या ऑस्टिओक्लास्टलाच गप्प बसवलं तर? असं एखादं औषध आहे का, जे बाकी शरीराला हात न लावता नेमकं याच पेशीला गाठेल?

आहे. ते सापडलं कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

1960 च्या सुमाराला हर्बर्ट फ्लाइश या स्विस संशोधकाला एक प्रश्न पडला होता. वरवर वेडगळ वाटावा असा. आपण दगड का होत नाही? आपल्या रक्तात आणि लघवीत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं आहे की साध्या रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्याचे खडे जागोजागी बसायला हवेत. हाडात ते बसतात, पण रक्तवाहिन्या, स्नायू, कातडी मऊच राहतात. म्हणजे कुणीतरी खडे धरू देत नाही. कोण? फ्लाइशना लघवीत पायरोफॉस्फेट नावाचा एक साधा रेणू सापडला. दोन फॉस्फरस आणि त्यांच्या मध्ये एक ऑक्सिजन, एवढाच त्याचा कणा. असल्याच फॉस्फेटांची चिमूट नळाच्या पाण्यात टाकून पाइपांत क्षार धरू न देण्याची युक्ती कारखान्यांत आधीपासून वापरात होती. जे रसायन पाइप मोकळा ठेवतं, त्याचा भाऊबंद आपली लघवी खडे न धरता वाहती ठेवायला मदत करतो!

हा रेणू औषध म्हणून द्यावा, तर एक अडचण. पोटात गेला की शरीरातले एन्झाइम मधल्या ऑक्सिजनपाशी तो तोडून टाकतात. मग उपाय काय? ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवायचा. आकार तोच, चिकटण्याची खोड तीच, पण हा जोड तोडणारं हत्यार शरीरात नाही. आणि असे रेणू नव्याने बनवायचीही गरज नव्हती. रसायनशास्त्रज्ञांनी ते एकोणिसाव्या शतकातच तयार करून ठेवले होते आणि उद्योगधंद्यात ते क्षार आणि गंज आवरायला वापरले जात होते. त्यांचं नाव बिसफॉस्फोनेट.

ते फ्लाइशच्या हाती आले कुठून? अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीकडून. साबण आणि टूथपेस्ट करणारी ही कंपनी. तिथले डेव्ह फ्रान्सिस दातांवर कीटण धरू नये म्हणून काय करता येईल ते शोधत होते. कीटण म्हणजे तरी काय, जंतूंच्या थरात बसलेले कॅल्शियमचे खडेच. म्हणजे आज हाडाच्या ठिसूळपणावर कोट्यवधी लोक घेतात त्या गोळीच्या घराण्यातला एक धागा थेट दात घासण्याच्या पेस्टपर्यंत जातो.

1969 साली फ्लाइश, फ्रान्सिस आणि ग्रॅहम रसेल यांनी सायन्स या नियतकालिकात दोन निबंध पाठोपाठ छापले. पहिल्यात अपेक्षित तेच होतं, ही रसायनं कॅल्शियमचे खडे धरू देत नाहीत. दुसरा निबंध मात्र चकित करणारा होता. हीच रसायनं आधी धरलेले खडे विरघळूही देत नाहीत, आणि प्राण्यांमध्ये हाडाची झीज थांबवतात. शोधायला निघाले दगड होऊ न देणारा रेणू, आणि हाती आला हाड विरू न देणारा.

पण तो हाड वाचवतो कसा? बरीच वर्षं समज असा होता की हा रेणू खड्यांवर बसून त्यांना झाकून ठेवतो. खरी गंमत पुढे उलगडली. नुसतं झाकणं हा त्याचा मुख्य उद्योग नाही. हाडावर चिकटून तो गप्प पडून राहतो, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं. मग एक दिवस ऑस्टिओक्लास्ट येते, बसते, कड चिकटवते, आम्ल सोडते. आम्लाने कॅल्शियम सुटतं आणि त्याच्याबरोबर औषधही सुटतं. विरघळलेला माल पोटात घ्यायची त्या पेशीला सवय, त्यामुळे औषधही ती स्वतःच आत घेते. जी पेशी हाड खाणार नाही तिच्या वाट्याला ते जवळपास येतच नाही. इतकी नेमकी निवड करणारं दुसरं औषध माझ्या तरी डोळ्यांसमोर लवकर येत नाही.

आत गेल्यावर ते काय करतं हे कळायला 1990 चं दशक संपत आलं. ॲलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक ॲसिड ही या घराण्यातली नायट्रोजनवाली जबर मंडळी. पेशी ज्या रासायनिक साखळीने कोलेस्टेरॉल बनवते, त्याच साखळीतला एक एन्झाइम ती बंद पाडतात. हो, तीच साखळी, जिच्या वरच्या टोकाला स्टॅटिनच्या गोळ्या पकडतात! ऑस्टिओक्लास्टला कोलेस्टेरॉलचं तितकं पडलेलं नसतं, पण त्या साखळीतून निघणारे काही तुकडे तिला आपल्या प्रथिनांना जोडावे लागतात. ते मिळाले नाहीत की तिची हाडावरची पकड सुटते, आम्ल सोडणारी कड कोलमडते, आणि बऱ्याच पेशी तिथेच मरतात.

ही गोळी घरात कुणी घेत असेल तर तिचे नखरे ठाऊक असतील. आठवड्यातून एकदा 70 मिलिग्रॅम, सकाळी अनशापोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर. मग निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, आडवं व्हायचं नाही. दिवेआगर काय आणि दादर काय, उठल्याउठल्या चहा न मिळणं ही आपल्याकडे शिक्षाच. पण कारण पटण्यासारखं आहे. कॅल्शियम दिसलं की चिकटायचं हा या रेणूचा स्वभाव, मग ते हाडातलं असो नाही तर दुधातलं. पोट रिकामं असतानाही गिळलेल्या औषधातलं एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. आडवं व्हायचं नाही ते अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून. जे थोडं रक्तात पोचतं त्यातलं सुमारे निम्मं हाडात जाऊन बसतं, बाकीचं लघवीतून जातं. आणि हाडात बसलेलं? ते निघायला वर्षंच्या वर्षं लागतात. गोळी बंद केली तरी औषध घरातच मुक्कामाला.

तर असं हे औषध, आणि दाताभोवतीचं हाड ऑस्टिओक्लास्टमुळे खचतंय. दोघांची गाठ घालायचा मोह कुणाला होणार नाही? 1990 च्या दशकात माकडांवर आणि बीगल कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि आशा वाढली. पुढे माणसांवर. 2007 साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत हिरड्यांचा आजार असलेल्या 335 जणांना दोन वर्षं दर आठवड्याला ॲलेंड्रोनेट किंवा खोटी गोळी दिली. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांच्या जबड्याचं हाड मुळातच विरळ होतं, त्यांना तेवढा फायदा दिसला.

मला यात नवल वाटत नाही. हाड विरवणारी पेशी आवरली, पण तिला निरोप धाडणारी सूज आणि सुजेला कारण असलेलं कीटण जागच्या जागीच. दंतवैद्य अवजार घालून मुळं खरवडून काढतात ते कंटाळवाणं आणि अप्रिय काम गोळीने टळत नाही.

आणि तोवर एक भलतीच बातमी आली होती. 2003 साली मायामीचे रॉबर्ट मार्क्स यांनी 36 रुग्णांची हकीकत कळवली. त्यांना हीच औषधं शिरेतून दिली गेली होती, बहुतेकांना कर्करोगासाठी. त्यांच्या तोंडात हिरडी फाटून जबड्याचं हाड उघडं पडलं होतं. मेलेलं हाड. भरून येत नव्हतं. हाड वाचवणाऱ्या औषधाने हाड मारलं होतं, तेही नेमकं जबड्यातलं.

जुन्या वैद्यकीय पुस्तकांत हे चित्र होतं! एकोणिसाव्या शतकात काड्यापेट्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरायचे. तिथल्या कामगारांचे जबडे असेच सडायचे. 1845 साली व्हिएन्नात लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या पोरींनी 1888 मध्ये संप केला, तेव्हाही या रोगाची दहशत त्यांच्या डोक्यावर होतीच. 1906 च्या बर्न करारानंतर देशोदेशी पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी येत गेली आणि हिंदुस्थानात 1913 साली तसा कायदा झाला. रोग विस्मरणात गेला. आणि शंभरेक वर्षांनी पुन्हा उगवला तो फॉस्फरसच्याच दुसऱ्या एका रूपातून. काही संशोधकांचा तर्क असा की फॉस्फरसच्या वाफा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि शरीरातली अमिनो आम्लं यांतून त्या कामगारांच्या अंगात बिसफॉस्फोनेटसारखंच काहीतरी तयार होत असावं. हा तर्कच आहे, पण रसायनशास्त्र त्याला अशक्य म्हणत नाही.

जबडाच का? एक तर औषध तिथेच जास्त जाऊन बसतं जिथे हाडाची उलाढाल जास्त, आणि ती जबड्यात भरपूर. दुसरं, सगळ्या सांगाड्यात दात हीच अशी जागा जिथे हाडात रोवलेली वस्तू कातडी भेदून थेट बाहेरच्या जगात डोकावते. मांडीचं हाड स्नायूंच्या आत खोल सुरक्षित असतं, जबड्याच्या हाडावर मात्र पातळशी हिरडी आणि तिच्यावर जंतूंचा बाजार. दात काढला की त्या बाजारात हाड उघडं पडतं. एरवी ऑस्टिओक्लास्ट येऊन खराब झालेलं हाड साफ करतात आणि मग नवं भरतं. त्याच पेशी झोपवलेल्या असतील तर सफाईच होत नाही. ज्यांना आपण खलनायक ठरवलं, त्यांचं काम तेव्हा कळतं.

घाबरून जाण्याआधी प्रमाण बघा. ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची गोळी घेणाऱ्यांत हा त्रास फार विरळा, दहा हजारांत काही थोडे. कर्करोगासाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांत तो कितीतरी पट जास्त, शंभरातल्या काहींना. म्हणून आजीच्या हाडाची गोळी परस्पर बंद करायची नाही, खुबा मोडला तर ते संकट मोठं. गोळी किंवा या औषधाचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे तोंड दाखवून घ्यायचं, काढायचे दात आधी काढायचे, आणि औषध सुरू असेल तर दाताच्या खुर्चीवर बसताक्षणी ते सांगायचं. दाताच्या डॉक्टरला हाडाच्या गोळीशी काय देणंघेणं, असं वाटून बरेच जण ते सांगतच नाहीत.

मग तोंडातल्या हाडासाठी हे औषध बादच का? एक वाट उरली होती. गोळी गिळून सगळ्या सांगाड्याला औषध पाजण्यापेक्षा, जिथे खड्डा पडलाय तिथेच थेंबभर सोडलं तर? या वाटेवर सर्वांत जास्त काम आपल्या शेजारच्या राज्यात झालं. बेंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयात ए. आर. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲलेंड्रोनेटचं एक टक्क्याचं जेल केलं. आधी मुळं खरवडून साफ करायची, मग बोथट सुईने ते जेल हिरडीच्या खिशात सोडायचं. मधुमेह असलेल्या रुग्णांवरही त्यांनी ते वापरून पाहिलं. 2012 च्या सुमारास प्रसिद्ध झालेले निकाल थक्क करणारे होते. सहा महिन्यांनंतर जेल घातलेल्या खड्ड्यांत सुमारे 40 टक्के हाड भरलेलं, नुसतं खरवडलेल्या खड्ड्यांत दोन-तीन टक्के!

असे आकडे वाचले की मला आनंद होतो आणि त्याच दमात शंकाही येते. जगातल्या इतरांनाही ती आली. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे जेल आणि या गोळ्या दोन्ही नेहमीच्या उपचारात वापरू नका असं स्पष्ट म्हटलं. गोळ्यांच्या बाबतीत जबड्याच्या धोक्याची भीती. जेलच्या बाबतीत कारण असं की बहुतेक चाचण्या एकाच गटाने केलेल्या आणि तयार औषध म्हणून ते बाजारात मंजूर नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. बेंगळुरूचं काम खोटं म्हणून नव्हे. एवढा मोठा फायदा खरा असेल तर तो दुसऱ्या कुठल्याही गावच्या दवाखान्यात, दुसऱ्या हातांनीही दिसायला हवा.

त्याआधीच काही संशोधक उलट्या बाजूने निघाले होते. पाडणाऱ्या पेशीला आवरण्याऐवजी बांधणारीला डिवचायचं. आपल्या गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या चार इवल्याशा ग्रंथी असतात. त्यांचा स्राव सतत जास्त पाझरत राहिला तर हाडं पोखरली जातात. पण त्याच स्रावाचा एक तुकडा दिवसातून एकदा, टोचून, थोडा वेळच दिला तर हाड बांधलं जातं! तोच रेणू, फरक वेळेचा. टेरिपॅराटाइड त्याचं नाव. मिशिगन विद्यापीठात 40 रुग्णांच्या हिरड्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांना सहा आठवडे रोज हे किंवा खोटं इंजेक्शन दिलं, आणि 2010 साली निकाल छापला. वर्षभराने खड्ड्यांत हाडाची वाढ औषधवाल्यांत 29 टक्के, दुसऱ्यांत 3 टक्के. रोजची सुई आणि भारी किंमत यांमुळे पायरियासाठी ते घरोघर पोचणं कठीण आहे. पण बिसफॉस्फोनेटने ज्यांच्या जबड्याचं हाड उघडं पाडलं, त्यांच्यापैकी काहींची जखम भरून आणायला डॉक्टर आता हेच टोचून बघतायत.